सगळ्या लाइटी लावा!

संगीताच्या कार्यक्रमाला संगीतासाठी न येणारी माणसं मी भरपूर पाहिली आहेत. कुणी फुकट पासावर आलेला असतो, कुणी साहेबांच्या गाडीतून, कुणी नुसता वहिनींना सोडायला. पण सगळ्यांच्या आधी येऊन, सगळ्यांच्या नंतर जाऊन, मधल्या वेळात एकही गाणं न ऐकणारा माणूस एकच असतो आणि तो दर कार्यक्रमात असतो. लाइटवाला दादा.

मी संगीत रजनींचं निवेदन करतो. गाव बदलतं, मंडळ बदलतं, ऑर्केस्ट्रा बदलतो, दादाही बदलतो. तरी दादा तोच असतो. निवेदक हा प्राणी दादाच्या मर्जीवर दिसतो किंवा दिसत नाही, त्यामुळे या जातीचा माझा अभ्यास नाइलाजानं झालेला आहे.

वय अठ्ठावीस ते पन्नास यांमधलं काहीही. काळा टी-शर्ट, काळी पँट, काळे बूट, कमरेला काळ्या चिकटपट्टीचं रीळ. दिव्याखाली अंधार ही म्हण त्यानं अंगावर चढवलेली असते. चालताना समोर बघत नाही, वर बघतो. लग्नाला गेला तरी आधी मांडवाचं छत बघणार, मग ते कशावर उभं आहे ते बघणार, आणि नवरा-नवरीकडे लक्ष गेलंच तर म्हणणार, ‘‘चेहऱ्यावर काहीच नाहीये.’’ म्हणजे प्रकाश. घरी त्यानं प्रत्येक दिव्याला डिमर बसवलेला आहे. भाजी चिरायला वहिनींना उजेड मागून घ्यावा लागतो.

गाणी त्याला माहीत नसतात असं नाही. फक्त शब्द माहीत नसतात. ‘‘ते नाही का, सहा-आठचं, अंतऱ्याच्या आधी दोन बार मोकळे आहेत, तिथं मी निळा घेतो,’’ ही त्याच्या लेखी एका अतिशय लोकप्रिय गीताची संपूर्ण ओळख. कवी कोण, संगीतकार कोण, हे प्रश्न त्याला पडत नाहीत. गाणारा माणूस म्हणजे त्याच्या झोताच्या वाटेत येऊन उभं राहिलेलं काहीतरी. मात्र ते बरोबर ठरलेल्या खुणेवर उभं राहिलं तर त्याच्याबद्दल दादाचं मत चांगलं होतं.

दादाची आणि मंडळाची पहिली गाठ कोटेशनवर पडते. गेल्या वर्षी सांगलीकडच्या एका गावी मी त्या बैठकीला होतो. खजिनदारांनी कागद नाकाजवळ नेला.

‘‘हे दोन युनिव्हर्स काय आहे?’’

‘‘पाचशे बारा चॅनलचं एक युनिव्हर्स. आपल्याला दोन लागतील.’’

‘‘मैदान नगरपालिकेचं आहे. त्यात बसतील ना?’’

दादा अशा वेळी रागावत नाही. तो खुर्ची पुढे ओढतो. डीएमएक्स हा त्याचा आवडता विषय. दिव्यांशी बोलायची ही भाषा अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेनं १९८६ मध्ये ठरवली आणि चाळीस वर्षं होत आली तरी जगभरचे दिवे तीच ऐकतात. एका वायरीतून ५१२ आकडे जातात, प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांमधला, आणि ही अख्खी यादी सेकंदाला चाळीसेक वेळा नव्यानं पाठवली जाते. दिवे एकामागे एक त्याच वायरीला जोडलेले. पंगतीत वाढपी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावा आणि ज्यानं त्यानं आपल्या पानापुरतं घ्यावं, तसं. दादाचा एक एलईडी मूव्हिंग हेड सोळा चॅनल खातो : मान डावी-उजवी, मान वर-खाली, त्या दोन्हींचे बारीक चॅनल, लाल, हिरवा, निळा, पांढरा, डिमर, शटर, झूम, आणखी काय काय. पहिल्या दिव्याचा ॲड्रेस एक, दुसऱ्याचा सतरा, तिसऱ्याचा तेहेतीस. असे बत्तीस दिवे झाले की पंगत भरली, दुसरं युनिव्हर्स घ्या. स्वतःच्या घराचा पिनकोड दादाला मोबाइलमध्ये बघावा लागतो, पण ‘‘एकशे पंचेचाळीसचा हिरवा मरतोय’’ हे तो झोपेतही सांगतो.

‘‘हा बारीक चॅनल कशाला?’’ खजिनदारांची पेन्सिल थांबली.

दादानं सांगितलं. मान ५४० अंश फिरते, म्हणजे दीड फेरी. ती नुसत्या २५६ पायऱ्यांत वाटली तर एक पायरी दोन अंशांहून मोठी होते. तीस मीटर लांब प्रकाशाचा गोल हलवायला गेलं की तो सरकत नाही, मीटरभराच्या उड्या मारतो. बारीक चॅनल जोडला की पायऱ्या होतात ६५,५३६, आणि मग तो वाहतो.

खजिनदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन्सिल फिरवली. ‘‘बारीक काढून टाका. बारीकसारीक कोण बघतंय?’’

दादा ‘‘बरं’’ म्हणतो. आणि बारीक चॅनल ठेवतोच, कारण तो दिव्याच्या पोटातच असतो, त्याचे वेगळे पैसे नसतात. मात्र खजिनदारांना काहीतरी काढल्याचं समाधान मिळावं म्हणून तो दर कोटेशनमध्ये ती ओळ घालतो. व्यवहार कळत नाही असं नाही माणसाला.

चहा झाला की दादा हळवा होतो आणि बार्सिलोनाला जातो. तिथं प्रत्यक्ष तो कधी गेलेला नाही. पण अमेरिकेत डॅलसच्या काही लोकांनी आपोआप रंग बदलणारा दिवा करायला घेतला, जेवता जेवता कुणाच्या तरी डोक्यात आलं की आणखी दोन मोटरी बसवल्या तर हा हलेलसुद्धा, मग तो दिवा इंग्लंडमध्ये नेऊन शेतावरच्या एका जुन्या कोठारात जेनेसिस बँडला दाखवला, आणि २५ सप्टेंबर १९८१ ला बार्सिलोनात, बैलांच्या झुंजीच्या रिंगणात, व्हेरी-लाइट नावाचे ते दिवे पहिल्यांदा सगळे मिळून माना वळवू लागले, हे तो अशा आवाजात सांगतो की शेजारचा मांडववालाही हातातली दोरी सोडून ऐकतो.

‘‘गात कोण होतं?’’ मी मुद्दाम विचारलं.

‘‘असेल कुणीतरी.’’

फिल कॉलिन्स गात होता. पण दादाच्या इतिहासात फिल कॉलिन्सला जागा नाही. दोन मोटरींना आहे.

त्याच्या उस्तादांच्या काळात हजार-हजार वॅटचे पार कॅन असायचे. साठ लावले की साठ किलोवॅट. जनरेटर धापा टाकायचा आणि पुढं उभी असलेली गायिका भाजून निघायची. एलईडीनं ते सगळं घालवलं. वजन कमी, वीज कमी, रंग हवा तो. तरी दादाची एलईडीबद्दल एक बारीक तक्रार आहेच. जुना दिवा बंद केला की क्षणभर लाल होत होत जायचा. हा एलईडी खटकन् मरतो, मरताना काही बोलत नाही. म्हणून दादा प्रत्येक क्यूला, म्हणजे दिव्यांच्या प्रत्येक ठरलेल्या बदलाला, थोडासा फेड देतो, रंग शेवटी किंचित तांबूस करतो. हे मला त्यानं दाखवलं नसतं तर या जन्मात दिसलं नसतं. दाखवल्यावर मात्र दिसतं, आणि ज्या कार्यक्रमात कुणी ते केलेलं नसतं तिथं खुपतं. अशा माणसांची संगत वाईटच.

प्रोग्रॅमिंग रात्री. दिवसा उन्हात झोत दिसत नाही, संध्याकाळी साउंडवाला ‘‘चेक, चेक, वन टू’’ करत जागा अडवून बसलेला असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहाला लाउडस्पीकर बंद झाला की दादाचं राज्य सुरू. ‘‘आवाजाला बंदी आहे, उजेडाला नाही,’’ हे तो साउंडवाल्याला रोज ऐकवतो. साउंडवाला उत्तर देत नाही, कारण तो आपल्या हरवलेल्या माइकच्या वायरी शोधत असतो. त्या दादाच्या दिव्यांना जोडलेल्या असतात.

लॅपटॉपवर सगळं आधीच झालेलं असतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये स्टेज आहे, दिवे टांगायची ट्रस आहे, दिवे आहेत, बाहुलीसारखी गायिका आहे, आणि मुख्य म्हणजे प्रेक्षक नाहीत. तिथं ट्रस वीस फुटांवर होती. मैदानात ती सोळावर आली, कारण वर कडुलिंबाची फांदी. म्हणजे एकूण एक झोत चुकीच्या जागी. दुसरा कुणी रडला असता. पण दादानं प्रत्येक क्यूमध्ये आकडे भरलेले नसतात. तो जागा साठवून ठेवतो : ‘गायिका’, ‘ढोलकी’, ‘कीबोर्ड’, ‘गणपती’. गायिकेवर एकदा नेम पुन्हा धरून ‘अपडेट’ केलं की दोनशे क्यूंमधली गायिका आपोआप सापडते. ही युक्ती फार सुंदर आहे. तिच्यातली अडचण एवढीच की दुसऱ्या दिवशी कीबोर्डवाला पंख्याच्या वाऱ्यासाठी खुर्ची चार फूट सरकवतो आणि ‘कीबोर्ड’ नावाच्या जागी रात्रभर एक रिकामा स्टँड जांभळ्या प्रकाशात न्हाऊन निघतो.

पहाटे तीनला मैदानात दादा, हाताखालचा बारक्या आणि तीन कुत्री. निःशब्द. बत्तीस माना एकदम झुकतात, एकामागून एक उठतात, पंख्यासारख्या पसरतात. ही लाट आकड्यांचीच असते : प्रत्येक दिवा आधीच्यापेक्षा थोडा उशिरा हलवायचा, बस. पण दादा त्या उशिराचं प्रमाण तासभर बदलत बसतो. मी लॉजवर डास मारण्यापेक्षा तिथं बसणं पसंत केलं होतं. तेवढ्यात समोरच्या इमारतीतले आजोबा शाल गुंडाळून खाली आले.

‘‘अहो, माझ्या बेडरूममध्ये हिरवा गोल फिरतोय!’’

दादा ताडकन उठला. ‘‘कितव्या मजल्यावर?’’

‘‘चौथ्या.’’

‘‘फिरतोय की उड्या मारतोय?’’

आजोबा विचारात पडले. ‘‘फिरतोय. चांगला गुळगुळीत फिरतोय.’’

‘‘कपाटाकडून खिडकीकडे का खिडकीकडून कपाटाकडे?’’

अर्ध्या तासानं आजोबा खुर्ची टाकून बसलेले होते आणि ‘‘तो डावीकडचा शेवटचा जरा मागं राहतोय बघा,’’ असं सांगत होते. राहत होता. दादानं तो दुरुस्त केला.

आणि मग कार्यक्रमाचा दिवस उजाडतो. तिथून पुढं दादाची लढाई सुरू होते. लोकांना वाटतं तो उजेडासाठी भांडतो. तो अंधारासाठी भांडतो. झोत दिसायचा तर भोवती काळोख हवा आणि हवेत धुकं हवं. धुक्याचं मशीन तो आणतो. मैदानातला वारा ते धुकं उचलून नेमकं वडापावच्या गाडीवर नेऊन ठेवतो. पावसाळ्याच्या शेवटाला किडे भरपूर असतात आणि ते झोतात येऊन चमकतात, तेवढाच दादाला आधार. पण काळोख? आपल्याकडे सार्वजनिक कार्यक्रमात काळोख म्हणजे अपशकुन. नगरपालिकेचा हायमास्ट पेटलेला. मंडळाच्या तोरणांच्या माळा पेटलेल्या. मागं एलईडी वॉलवर सौजन्याची जाहिरात अशी काही भडकलेली की पुढचा माणूस तिच्यात विरघळून जावा. वडापाववाला, फुगेवाला, पार्किंगवाला, प्रत्येकाचा आपला एक बल्ब.

त्यात व्हिडिओवाला. हा दादाचा वंशपरंपरागत वैरी. ‘‘फेस दिसत नाहीये, फ्रंट द्या.’’ फ्रंट दिला. ‘‘पट्टे येतायत.’’ एलईडी मंद करायचा म्हणजे तो अतिशय वेगानं चालू-बंद करायचा. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. दादा दिव्याच्या मेनूत शिरून ती गती वाढवतो. पट्टे गेले. ‘‘फेस जांभळा येतोय.’’ मग गायिकेचा निरोप येतो. ताईंनी खास आजच्यासाठी हिरवीगार पैठणी नेसली आहे आणि दादानं पहिल्याच गाण्याला लाल घेतला आहे. हिरव्या कापडावर नुसता लाल प्रकाश पडला की परत यायला काही उरत नाही, पैठणी काळी. विंगेतून दादाकडे जो कटाक्ष गेला त्याला कुठल्याही कन्सोलवर बटण नाही.

दादाचं काम क्रमानं चालतं. एक गाणं संपलं की पुढच्याचा क्यू तयार. पण मराठी प्रेक्षकाला एक हक्क नाटकांनी देऊन ठेवला आहे : वन्स मोअर! ढोलकी चढलेली, लावणी टिपेला गेलेली, शेवटचा झोत आकाशात उधळून दादा नुकताच घाम पुसतोय आणि खालून आरोळी येते. दादा उलटा धावतो, क्यू चाळीसवरून क्यू सव्वीसवर. परदेशात म्हणे सगळं टाइमकोडवर बांधलेलं असतं, गाण्याबरोबर दिवे आपोआप. आपला ढोलकीवाला टाइमकोड मानत नाही. दुसऱ्या वेळी तो आणखी चढ्या लयीत घेतो. दादा एका हातानं टॅप बटणावर ती लय ठोकत असतो आणि या घटकेला, खरं सांगायचं तर, तो वादकच असतो. हे त्याला सांगितलं तर तो म्हणेल, ‘‘छे, मी मॅन्युअल घेतलं.’’

मग साहेब येतात. कुठल्याही गाण्याच्या कुठल्याही ओळीला साहेब येतात. अध्यक्ष माझ्या हातातला माइक घेतात आणि ती घोषणा करतात जिच्यासाठी ते वर्षभर थांबलेले असतात : ‘‘लाइटवाले, सगळ्या लाइटी लावा!’’ शाल, श्रीफळ, दोन शब्द. तीन रात्रींची लाट, पंखे, तांबूस फेड, सगळं पुसून दादा एक फेडर वर ढकलतो आणि मैदान इस्पितळाच्या वॉर्डासारखं पांढरं होतं. अध्यक्ष खूश. ‘‘आता कसं! मघाशी लाइट कमी वाटत होती.’’

यावर दादा कधी कधी तापस सेन यांचं नाव काढतो. कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरात, १९५९ मध्ये, ‘अंगार’ या नाटकात त्यांनी कोळशाच्या खाणीत चढत जाणारं पाणी नुसत्या प्रकाशानं दाखवलं होतं. ‘‘किती दिवे असतील त्यांच्याकडे? आणि किती काळोख!’’ अध्यक्ष मान डोलावतात आणि विचारतात की ते शार्पी वर आकाशात फिरवता येतील का, शेजारच्या मंडळानं फिरवले होते. (इटलीतल्या एका कंपनीनं २०१० मध्ये त्या नावाचा दिवा काढला, आपल्याकडे दिवा कुणाचाही असो, अध्यक्षांच्या तोंडी शार्पीच.)

त्या रात्री दादानं एकच गोष्ट जपून ठेवली होती. शेवटच्या भैरवीत, शेवटच्या अंतऱ्याआधी वादक थांबतात. तिथं त्यानं आठ सेकंदांचा ब्लॅकआउट बांधला होता. पूर्ण काळोख. मग वरून एक बारीक झोत, तोही जेमतेम, ताईंच्या चेहऱ्यावर. त्यासाठी त्यानं एलईडी वॉलवाल्याला गाठलं होतं, तोरणांच्या माळांच्या स्विचपाशी बारक्याला उभं केलं होतं, हायमास्टसाठी नगरपालिकेच्या वायरमनला जेवू घातलं होतं आणि वडापाववाल्याला पाच मिनिटं बल्ब बंद ठेवण्यासाठी वीस वडापावची ऑर्डर दिली होती.

भैरवी आली. वादक थांबले. आणि खरोखर काळोख झाला. असा की कडुलिंबाच्या फांदीमागच्या चांदण्या दिसल्या.

पहिला सेकंद कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या सेकंदाला मागून आवाज आला, ‘‘लाइट गेलीऽऽ!’’ तिसऱ्याला शिट्ट्या. चौथ्याला पाचशे मोबाइलच्या बॅटऱ्या पेटल्या. पाचव्याला जनरेटरवाला, जो संपूर्ण कार्यक्रमभर झोपला होता, कर्तव्याला जागा झाला आणि त्यानं लाइटचा लोड एका जनरेटरवरून काढून दुसऱ्यावर टाकला. साउंडचा जनरेटर वेगळा, त्यामुळे ताई गातच राहिल्या. पण दिव्यांची वीज एकदा गेली आणि परत आली की ते आधी स्वतःला तपासतात. दादाच्या हातात काही नसतं. बत्तीसही माना आपापली हद्द शोधत पार मागे गेल्या, खट् करून टेकल्या, पुढे आल्या, पुन्हा मागे गेल्या, आणि पाचशे मोबाइलच्या उजेडात मैदानानं ते पाहिलं. अशा टाळ्या संबंध कार्यक्रमात पडल्या नव्हत्या. समोरच्या चौथ्या मजल्यावरून आजोबा ओरडले, ‘‘डावीकडचा शेवटचा पुन्हा मागं राहतोय!’’

हिशेब दुसऱ्या दिवशी झाला. खजिनदारांनी दोन हजार कापले. कारण : मधे लाइट गेली.

‘‘गेली नाही, घालवली होती,’’ दादा म्हणाला.

‘‘मग तर तीन कापायला पाहिजेत.’’

दादानं सही केली. बारक्या वीस वडापाव संपवायच्या मागं होता.

या वर्षी त्याच मंडळाच्या बैठकीला मी पुन्हा होतो. दादाचं कोटेशन व्यवस्थित टाइप केलेलं. ट्रस, मूव्हिंग हेड, धुक्याचं मशीन, बारीक चॅनल. आणि सर्वांत खाली नवी ओळ : अंधार, आठ सेकंद, एक नग, दर : विनामूल्य. वाद पुन्हा नको म्हणून त्यानं तो आधीच कागदावर घेतला होता.

खजिनदारांनी सवयीनं बारीक चॅनलवर काट मारली. मग पेन्सिल शेवटच्या ओळीवर आली आणि बराच वेळ तिथं थांबली.

‘‘हा फुकट आहे?’’

‘‘फुकट.’’

‘‘मग दोन टाका की.’’